पहिल्या नंबरची आजी

“तुझी उंब्रजची आजी कोण गं?” दार उघडताच बाहेरच्या म्हातारीनं विचारलं.

नऊवारी लुगडं, हातात जड पिशवी आणि नजर अशी, की समोरच्या पोरीचे केस मोकळे असतील तर हात आपोआप डोक्याकडं जावा. श्रद्धाचा गेलाच.

“साळूबाई,” ती चाचरत म्हणाली.

“ती मी हाय. सरक, आत येऊ दे.”

श्रद्धा सरकली. खरं सांगायचं तर तिला उंब्रजची आजी नव्हतीच. दोन्ही आज्या सांगलीच्या, आणि दोघींनी जन्मभर मसाला दुकानातून आणलेला. पण श्रद्धा इंटरनेटवर लेख लिहायची. कुणी काही शोधलं की तिचाच लेख सगळ्यांत वर दिसला पाहिजे, हे तिचं काम. ‘घरगुती कांदा-लसूण मसाला’ हा लेख काही केल्या वर चढेना, तेव्हा तिचा साहेब इंद्रजित म्हणाला होता, “घरातलं माणूस घाल त्यात. लोकांना अनुभव लागतो.” मग श्रद्धानं एसटीच्या पाटीवरून गाव घेतलं, लग्नपत्रिकेतून नाव घेतलं आणि आजी उभी केली. लेख पहिल्या नंबरावर जाऊन बसला. महिनाअखेरपर्यंत तिथंच टिकला तर दिवाळीचे सगळे लेख तिच्याकडं येणार होते आणि नोकरी पक्की होणार होती. अजून तीन आठवडे काढायचे होते.

आणि आता आजी खुर्चीत बसून पदरानं वारा घेत होती.

“माझं घर कसं सापडलं?”

“लेखाखाली तुझा फोटो हाय न्हवं? सांगली, विश्रामबाग लिवलंय. कोपऱ्यावरच्या गिरणीत दावला. गिरणीवाल्याला समद्यांची घरं म्हाईत असत्यात. मी बाई दुसरी शिकलेली, लेख नातवानं वाचून दावला.”

“आजी, मी काढून टाकते लेख.”

“रडू नगंस. नावाचं काय न्हाई. पर कच्चा कांदा मिक्सरला? आठ दिसांत बुरशी धरंल. आन् लोक शिव्या कुणाला घालणार? साळूबाईला.”

तिनं पिशवी ओट्यावर रिकामी केली. उन्हात वाळवलेला कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धने, दोन जातींच्या मिरच्या. मग तिनं स्वयंपाकघर तपासायला घेतलं. श्रद्धाचा खलबत्ता बघून तिनं विचारलं, “ह्यात भावलीचं लगीन लावतीस व्हय?” हळदीचं पाकीट उचलून डोळ्यांसमोर धरलं आणि सरळ कचऱ्यात टाकलं. “ह्याची मुदत शिमग्यातच संपली.”

लेख राहतोय हे कळल्यावर श्रद्धाचा जीव भांड्यात पडला. ती कांदा तळू लागली, ओरडा खाऊ लागली आणि दोन्ही तिला आवडू लागलं. म्हातारीचा फोन कमरेच्या बटव्यात सारखा गुरगुरत होता. “नातू असंल,” म्हणत ती बघायची, गालातल्या गालात हसायची आणि परत ठेवून द्यायची.

“मला एक सांग,” मिरच्या कुटता कुटता ती म्हणाली, “दुनियेतल्या बाया मसाला करत्यात. मग तुझंच पयलं का दिसतंय?”

असं कौतुकानं कुणी विचारलंच नव्हतं. श्रद्धाचं तोंड सुटलं. लोक शोधताना जे शब्द लिहितात तेच मथळ्यात घालायचे. प्रमाण पहिल्यांदा द्यायचं. ‘मसाला किती दिवस टिकतो’ असे लोकांचे प्रश्न जसेच्या तसे घ्यायचे आणि उत्तर दोन ओळींत उरकायचं. फोटो खिडकीच्या उजेडात काढायचा. “आणि लेखात घरातलं माणूस पाहिजे. तेच महत्त्वाचं.”

“आन् दोन नंबरला कोण हाय?”

“आहे कुणी, ‘शकुंतलाचं स्वयंपाकघर’. मसाला खरा असेल हो तिचा. पण आधी दीड पान देवांना नमस्कार, मग सासूच्या कागाळ्या. प्रमाण सापडेपर्यंत माणूस उपाशी मरेल. आणि फोटो असा, की मसाला आहे का गोवरीचा भुगा तेच कळत नाही.”

बत्ता असा काही आदळला, की खोबऱ्याचा तुकडा उडून फ्रिजवर जाऊन पडला.

“व्हय?” म्हातारी म्हणाली. पुढची पाच मिनिटं ती नुसती कुटत राहिली. मसाला फार बारीक झाला.

निघायच्या आधी तिनं फोन काढला. “नातवाला दावाया एक फोटू काढू.” श्रद्धानंच तिला खिडकीपाशी बसवलं, खलबत्ता पुढ्यात ठेवला, फोन डब्याला टेकवून उभा केला आणि पळत जाऊन शेजारी बसली. तेवढ्यात तिखट नाकात गेलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

“ऱ्हाऊ दे, तसंच बरं हाय,” म्हातारी म्हणाली.

श्रद्धा पाया पडली. मसाल्याची बरणी ओट्यावर ठेवून आजी गेली. श्रद्धानं त्याच दिवशी लेखातला कांदा वाळवला आणि तळलाही. खूप दिवसांनी तिला हलकं वाटलं. आजी खोटी होती, पण मसाला तरी आता खरा झाला होता.

महिनाअखेरीला सकाळीच इंद्रजितचा फोन आला. “मसाल्यात पहिलं कोण आहे बघितलंस का?”

तिनं बघितलं. पहिल्या नंबरावर ‘शकुंतलाचं स्वयंपाकघर’ होतं. मथळ्यात लोकांचेच शब्द. प्रमाण पहिल्यांदा. प्रश्नांना दोन-दोन ओळींची उत्तरं. सगळ्यांत वर, खिडकीच्या छान उजेडात काढलेला एक फोटो आणि त्याखाली ओळ:

‘मी शकुंतला, मुक्काम पोस्ट उंब्रज. शेजारी डोळे पुसतीया ती माझी सांगलीची नात, तिलाबी समदं मीच शिकवलं.’