अकराचा डाव

लॅपटॉपचं खालचं झाकण निघालं आणि आल्यापासून तोंडाची टकळी चालवणारा दुरुस्तीवाला एकदम गप्प झाला.

तासभर त्याने सगळे उपाय करून पाहिले होते. वाय-फायचा ड्रायव्हर काढला, परत टाकला, नवा चालेना म्हणून जुना शोधून टाकला. नव्या सिस्टीमचं आपलं एकच पालुपद: कार्ड सापडत नाही. सिस्टीम बदलली की ड्रायव्हर रुसतात हे त्याला पाठ होतं. असे रुसवे काढण्यावरच त्याचं घर चालत होतं. पण इथे आत कार्डच नव्हतं. खाच रिकामी, तिच्यावर धुळीचा पातळ थर, आणि एक काळी, एक पांढरी अशा दोन बारीक वायरी नुसत्याच लोंबत होत्या.

खिडकीजवळच्या खुर्चीत बाबा बसले होते. दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट. गेले नऊ दिवस ते रोज असेच अकराच्या आत तयार होऊन बसत आणि बारा वाजून गेले की मुकाट्याने उठत. जेवणावरची त्यांची वासनाच उडाली होती. दादाशी, म्हणजे थोरल्या भावाशी, लॅपटॉपवर बुद्धिबळाचा डाव अर्ध्यावर राहिला होता आणि चाल त्यांची होती.

"दादा पटासमोरून उठला नसेल," ते दुरुस्तीवाल्याला म्हणाले. "लहानपणापासून हट्टी आहे. जरा लवकर बघा."

दुरुस्तीवाल्याने बाबांच्या मुलीला खुणेने आतल्या खोलीत बोलावलं आणि कार्ड कुणी काढलं ते विचारलं. तिने आढेवेढे घेतले नाहीत. औषधांच्या डब्यातून कागदाची पुडी काढली आणि टपालाच्या तिकिटाएवढं कार्ड त्याच्या हातावर ठेवलं. दादाकाका दोन वर्षांपूर्वी गेले, ती सांगू लागली. तेव्हा बाबा दिवसभर लॅपटॉपवरून त्यांना कॉल लावत बसायचे आणि पलीकडून कुणी उचलत नाही म्हणून लहान मुलासारखे रडायचे. तिला ते बघवेना. एकदा ते अंघोळीला गेलेले असताना तिनेच कार्ड काढून टाकलं. चार दिवसांत बाबा निवळले, रोज अकराला डाव मांडून बसू लागले. लॅपटॉपशीच खेळताहेत, तिला वाटलं. त्याला दादा म्हणतात तर म्हणू देत, तेवढाच विरंगुळा. मशीन फार रखडतंय म्हणून नऊ दिवसांपूर्वी ऑफिसमधून पेन ड्राइव्हवर नवी सिस्टीम आणून टाकली, तीही तिनेच. तेव्हापासून डाव उघडेना म्हणून त्याला बोलावलं; त्याचा कार्डाशी संबंध असेल असं तिला वाटलंच नव्हतं.

दुरुस्तीवाल्याने कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. मग लॅपटॉप आत आणून जुन्या सिस्टीमने मागे ठेवलेली नोंद उघडली आणि तिच्यासमोर धरली. अकरा वाजता जोडलं. बारा वाजून दहा मिनिटांनी तुटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा अकरा. सिग्नल पूर्ण. दोन वर्षांत एका दिवसाचा खाडा नव्हता. नेटवर्कच्या नावाची जागा तेवढी कोरी होती.

"कार्डाशिवाय?" तिने विचारलं.

"कार्ड नाही हे जुन्या सिस्टीमला कुणी सांगितलं नव्हतं, ताई," तो म्हणाला.

एरवी न विचारता सल्ले देणारा माणूस, पण आता त्याने फक्त दोन वाटा सांगितल्या. कार्ड बसवलं तर मशीन ठणठणीत होईल, चारचौघांच्या घरी चालतं तसं नेट चालेल. नाहीतर जुनी सिस्टीम परत आणायची. ती सोय दहा दिवसांपुरतीच असते. उद्या जुनी आपोआप पुसली जाईल. तिच्यावर काय चालेल आणि काय नाही, याची हमी मात्र तो देणार नव्हता.

बाहेर बाबा खोकले. नऊ दिवसांत शर्टाची कॉलर त्यांना सैल झाली होती. मुलीने दारातून त्यांच्याकडे पाहिलं आणि कार्ड परत कागदात गुंडाळलं.

"जुनीच आणा," ती म्हणाली.

अकराला पाच मिनिटं कमी असताना जुनी सिस्टीम सुरू झाली. दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप बाबांसमोर टेबलावर ठेवला. खालचं झाकण त्याने लावलं नव्हतं; खाच रिकामी आहे हे आपण विसरू नये, असं त्याला वाटत होतं. अकराच्या ठोक्याला कोपऱ्यातल्या चिन्हाच्या रेघा एकेक करून भरल्या. पडद्यावर पट आला. बाबांनी घोडा उचलून ठेवला. ही चाल त्यांनी नऊ दिवस मनात घोळवली असणार. समोरचा काळा वजीर दोन घरं सरकला. मशीनं अशी खेळतातच, मुलीने स्वतःला समजावलं. दुरुस्तीवाला पिशवी हातात धरून नुसता उभा होता.

बाबांनी लॅपटॉपजवळ कान नेला. खोलीत कसलाच आवाज नव्हता. ते ऐकत राहिले, हसले, आणि कुणीतरी दटावल्यावर डोलवावी तशी मान डोलावली.

"काय म्हणतात दादाकाका?" मुलीने विचारलं. हे तिने दोन वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.

"डाव आटप म्हणतोय. आईने जेवायला वाढलंय, माझ्यासाठी खोळंबलीय म्हणे."

ती आजी मुलीच्या जन्माआधीच गेलेली. खुर्चीची पाठ घट्ट धरून मुलगी पटावर वाकली. तिला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"डाव संपायला किती चाली राहिल्यात, बाबा?"

त्यांनी पट निरखला. "नीट खेळलो तर दोन."

तिने स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसली.

"मग आज नीट नका खेळू," ती म्हणाली.