दिवेलागणीची हाक

मनकर्णाबाईचा लेक कवडू एका पोळ्याला बैल धुवायला नाल्यावर गेला, तो परत आलाच नाही. तेव्हापासून तिने केसांना फणी लावली नाही. रोज दिवेलागणीला ताट वाढायची आणि उंबऱ्यात उभी राहून हाक मारायची, "कवडू, जेवाले ये रे!" गाव त्या हाकेला सरावलं होतं. शेजारची तानाबाई चुलीपुढूनच म्हणायची, "येते थो, तू खाऊन घे माय."

मग एका गणपतीत मंडळाने आर्वीहून भाड्याने व्हिडिओ आणला. भर दुपारी शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावून सारं गाव भुताचा पिक्चर पाहायला बसलं. मनकर्णाबाईही बसली. त्यात केस सोडून, मेलेल्या लेकराला हाका मारत फिरणारी एक बाई होती. ती दिसली की बाया किंचाळायच्या आणि माना वळवून मनकर्णाबाईकडे पाहायच्या. शेवटी मांत्रिकाने त्या बाईला जाळलं, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. तानाबाईनेही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाईने केस विंचरून अंबाडा घातला. दारातली हाकही बंद झाली. "पिक्चर पाहून सुधरली बापा बाई," असं म्हणत गावाने सुटकेचा निःश्वास टाकला.

आता दिवेलागणीला ती पुढच्या दाराला कडी घालते, ताट वाढते आणि मागच्या खिडकीशी तोंड नेऊन पुटपुटते,



"कवडू, मांगच्या दारानं येजो रे. आवाज नको करू, इथं लोकं जाळतेत."