खालच्या टाकीतलं शेवाळ

"आन् ह्याले? ह्यालेबी रोज पाहा लागते काय?" उकंडरावांनी मोबाइलला जवळजवळ नाक लावून विचारलं.

व्हिडिओ कॉलवर मुंबईचा दुकानदार शेवाळाची एकेक पिशवी उचलून दाखवत होता. कुठलंही दाखवा, म्हाताऱ्याचं आपलं एकच पालुपद. दिसतं कसं, वाढतं किती, छे! मागे उभ्या असलेल्या सुनेच्या, करिष्माच्या, अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

टाकी सागरची, तिच्या नवऱ्याची होती. देऊळघाटात समुद्र बघायचा तो टीव्हीवर, आणि या पठ्ठ्यानं समोरच्या खोलीत खाऱ्या पाण्याचे मासे आणून ठेवले! वर केशरी मासे, खाली एक लहान टाकी. तिच्यात शेवाळ वाढवायचं. ते माशांची घाण खातं आणि पाणी चांगलं राहतं. तेव्हा करिष्मा नवी नवरी होती. हसून हसून तिचं पोट दुखलं होतं. "लोकं वावरातलं तण उपटतेत, आन् तुमी घरात लावून राह्यले!"

दोन वर्षांपूर्वी मोटरसायकलवर बाहेर पडलेला सागर अपघातात गेला, परत आलाच नाही. घरात उरले सासरा आणि सून. टाकी करिष्मानं आपल्या हाती घेतली. सागरनं लावलेलं शेवाळ द्राक्षाच्या घोसासारखं होतं, दिसायला झकास आणि सांभाळायला महाकठीण. दर आठवड्याला कातरलं नाही तर एखाद्या दिवशी सगळंच सडायचं, पाणी नासायचं आणि मासे मरायचे. करिष्मानं एकही आठवडा चुकवला नव्हता. कोपरापर्यंत हात त्या पाण्यात घातला की तिला सागर घरातच असल्यासारखा वाटायचा.

आणि आज सकाळी चहा पिता पिता सासऱ्यानं फर्मान काढलं होतं, "ते शेवाळ काढून टाकू. दुसरं लावू."

"हे लाल बघा काका. टाकीला फार शोभेल," दुकानदार म्हणाला.

"शोभेचं नाई पाह्यजे भाऊ."

"मग हा चेटो घ्या." त्यानं गुंतलेल्या हिरव्या दोऱ्यांचा एक गोळा वर धरला. "याला मूळ नाही, कातरायची कटकट नाही. दिवा लावून ठेवायचा. महिन्या-दोन महिन्यांनी अर्धा गोळा काढून टाकायचा, बस्स."

"माह्यासारख्या म्हाताऱ्याले एकट्याले जमन?"

"अगदी आरामात."

"मंग तेच पाठवा."

फोन बंद होतो न होतो तोच करिष्मा फुटली. "मामाजी, माह्यं काय चुकलं? एक तरी मासा मरू देल्ला काय मी? त्याइच्या हातची एवढी एकच चीज राह्यली माह्याजवळ. तेबी काऊन हिसकून राह्यले?" पदर तोंडात कोंबून ती तिथंच खाली बसली.

उकंडराव टाकीकडं पाहत राहिले. त्यांचेही डोळे वाहत होते. दुपट्ट्यानं ते पुसले, पण पुन्हा भरून आले. लेकाच्या हातचं शेवाळ उपटायचं म्हणजे त्यांच्याही जिवावर आलं होतं.

"मागच्या साली वडनेरचे पाव्हणे तुले पाहाले आले," शेवटी ते म्हणाले. "पोरगा भला होता. तू त्याले सांगतलं, मी गेली का माह्ये मासे मरतीन. तो हात जोडून वापस गेला."

करिष्मा खाली मान घालून बसली होती.

"रईवारी दुसरबीडचे पाव्हणे येऊन राह्यले तुले पाहाले. मासे जगतीन आता. तू जाय, पोरी."