पुस्तकातली बाई

एकोणीसशे सालच्या दुष्काळात सुखवंतानं दोन लेकरं पुरली, तिसरं पाठीशी बांधून सरकारी सडकेवर खडी फोडली, मोहफुलं उकडून खाल्ली आणि तगली. ग्यानीराम मास्तरांनी तिच्याच तोंडून हे सारं ऐकून पुस्तक लिहिलं. बाईचं नाव तेवढं बदललं, शेवटी थोडा उपदेश घातला.

पुस्तक छापून आलं, तसं मास्तरांनी मोठ्या ऐटीत तिच्या अंगणात बसून ते वाचून दाखवलं. धान कांडणारं तिचं मुसळ थांबलं. शेवटच्या पानाला ती पदरानं डोळे पुसू लागली. आता ही आपल्या पाया पडणार, म्हणून मास्तर सावरून बसले.

"कोन्या गावची होती जी बिचारी?" सुखवंता म्हणाली. "माह्यावर असं आलं असतं, तं मी जगलीच नसती."