एकाच तोंडून

'रोजचं औषध' या चौकटीतून तिने बाण ओढला, 'मूल दुपारी गाढ झोपतं' या चौकटीपर्यंत नेला, आणि तिथेच तिचा हात थांबला.

पाळणाघरांबद्दलच्या मुलाखती वाचायच्या, कशामुळे काय झालं असं कोण म्हणतंय ते हुडकायचं, कारणाची एक चौकट, परिणामाची दुसरी, मधे बाण. हे तिचं काम. जितक्या जणांनी सांगितलं तितका बाण जाड. गाढ झोपेतून 'आई निर्धास्त कामाला जाते' याकडे गेलेला बाण मनगटाएवढा झाला होता, आणि पाळणाघरं चालवणारी संस्था त्यावर जाम खूश होती. पण त्याच चौकटीतून केसासारखा एक बारीक बाणही निघाला होता : 'संध्याकाळी उठवलं तरी उठत नाही.' कुठल्याशा आईने हसत हसत सांगितलेलं. आमचा कुंभकर्ण झालाय नुसता, म्हणून.

"हा नवा बाण कुणाचा?" मागून गुरुजी म्हणाले. गुरुजी म्हणजे कचेरीचे प्रमुख. सगळ्यांचे अहवाल लाल पेनाने रंगवत, म्हणून गुरुजी.

"कुणाचाच नाही. माझाच."

"मग पूस."

"गुरुजी, बघा तरी. सांभाळणाऱ्या बाया कमी केल्यात. मुलांना सरसकट औषध देतात. मुलं झोपतात. मग उठत नाहीत..."

"अगं, औषधाचं सांगितलं सांभाळणाऱ्या बाईने. झोपेचं सांगितलं आयांनी. उठत नाही म्हणणारी तिसरीच, तीही दुसऱ्या शाखेतली. हिचं शेपूट तिच्या शेळीला लावून कसं चालेल? एका तरी माणसाने सगळी साखळी स्वतःच्या तोंडाने सांगू दे. मग काढ बाण, हवा तेवढा जाड." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "आई झाल्यापासून तुला दोरी दिसली की साप दिसतो."

तिने बाण पुसला. त्यांचं चूक नव्हतंच. नियम चांगला होता. नवीन मुलींना तीच तो शिकवत असे. मन चिंती ते वैरी न चिंती. आपल्या मनातलं भूत लोकांच्या तोंडी घालायचं नाही.

बाण गेला. चौकटी राहिल्या.

त्याच संस्थेचं पाळणाघर आता याच इमारतीत, तळमजल्यावर निघालं होतं. तिची लेक चिमणी तिथेच होती. पहिले काही दिवस रडून आकांत केला, मग एकदम शहाण्यासारखी राहू लागली. "काय गुणी झोपते गं आपली पोर," नवरा म्हणाला होता. परवा तर तोंडात घास तसाच ठेवून झोपली. दोघंही पोट धरून हसले होते. तिने फोटोसुद्धा काढला होता.

ती उठली. जिन्यात कुणीतरी काहीतरी विचारलं, तिला ऐकूच आलं नाही.

खाली पडदे ओढलेले होते. भिंतीलगत मुलं ओळीने निजली होती. एकाचंही पांघरूण निघालेलं नव्हतं. एकही पाय बाहेर नाही, कुणी आडवं नाही, तिडवं नाही. जसं घातलं तसं. घरी हीच चिमणी उशाशी निजवली तर पायथ्याशी सापडायची.

मावशी दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. "आज लवकर सुटलात वाटतं?"

"मावशी, हिला कसलं औषध देता का?"

"सर्दीचं हो. चमचा चमचा सगळ्यांनाच. संस्थेतून तसं सांगितलंय. एकाला शिंक आली की साऱ्यांना येते ना."

"पण तिला सर्दी नाहीये."

"मग! होणारच नाही आता." मावशी कौतुकाने हसल्या. "आणि झोपतात तरी कशी बघा, फुलासारखी. मी एकटी सांभाळते, पण आवाज नाही कुणाचा."

तिने चिमणीला उचललं. मान मागे कलंडली, ती तिने तळहाताने सावरली. "चिमणे. ए चिमणे. आई आली बघ." पापणी जराशी उघडली, आत नुसतं पांढरं दिसलं, परत मिटली. श्वास गरम होता, मानेला लागत होता. तो मोजावा की ऐकावा हे तिला कळेना.

"औषधाची बाटली द्या इकडे," ती म्हणाली. "आणि बाकीच्यांना उठवा. आत्ता. सगळ्यांना."

"अहो, पण झोपमोड..."

"उठवा म्हणते ना!"

एवढ्या ओरडण्यानेही ओळीतलं एकही मूल दचकलं नाही. मावशींच्या हातातलं दुपटं गळून पडलं.

चिमणीला खांद्यावर घेऊन ती जिने चढून आली तेव्हा गुरुजी तिच्याच संगणकाच्या पडद्यासमोर वाकून उभे होते.

"एकाच तोंडून हवं होतं ना?" तिला धाप लागली होती. "घ्या. औषध, म्हणून झोप, म्हणून उठत नाही. माझ्या तोंडून. गाडी काढा, वाटेत सगळं सांगते. खालच्या पोरांसाठीही कुणाला तरी बोलवा."

रोज सकाळी पाळणाघराच्या दारात गुरुजी चिमणीपुढे बोट धरत, आणि ती ते अशी पकडे की सोडवताना पुरेवाट होई. बोट दिलं की हात धरणारी बया आहे ही, असं ते रोज म्हणत आणि रोज हसत.

आत्ताही त्यांनी बोट पुढे केलं. तिच्या खांद्यावरून लोंबणाऱ्या त्या इवल्या तळव्यात ठेवलं.

तळवा उघडाच राहिला.