निळे ठिपके

सलग दुसरी पाळी होती आणि नर्सबाईंच्या पायांचे तुकडे पडले होते. गेला महिनाभर हा थकवा काही केल्या उतरत नव्हता.

त्यांनी खाटेवरच्या आजोबांच्या शिरेत नवं औषध सोडलं. त्याचे धुळीहून बारीक कण रोग हुडकून तिथेच जाऊन बसत. पडद्यावर ते निळे ठिपके होऊन यकृतातल्या गाठीकडे निघाले, आणि मध्येच थबकले. मग सगळे डाव्या कुशीला येऊन दाटले. बाई त्याच बाजूला उभ्या होत्या.

त्या उजवीकडे गेल्या. ठिपकेही वळले.

"बाई, काही बिघडलंय का?" आजोबांनी विचारलं.

"काही नाही हो, पडून राहा," म्हणत त्यांनी आजोबांचा हात हातात घेतला.

पडद्यावरचं यकृत रिकामंच राहिलं. बाईंच्या पाच बोटांखाली, आजोबांच्या हातात, पाच निळे पुंजके दाटून आले.