मागणीची चिठ्ठी

गठ्ठेकाकांनी तिसऱ्यांदा घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजायला आले होते आणि ताईंचा अजून पत्ता नव्हता. दर वर्षी याच तारखेला दहाच्या ठोक्याला त्या दारात हजर असायच्या.

वरच्या मजल्यावर काकांच्या निरोपाची तयारी झाली होती. हरवलेल्या माणसांचा शोध घेणारं ते कार्यालय. तिथल्या तळघरात काकांनी चौतीस वर्षं कागद सांभाळले, तेव्हा कुठे आज साहेबांनी त्यांचं खरं आडनाव विचारलं होतं. तेही भेटवस्तूवर लिहायला!

"काका, चला ना, सगळे खोळंबलेत," नवी रेकॉर्डकीपर म्हणाली. उद्यापासून ही खोली तिची. चुणचुणीत पोरगी. एकेक फाइल स्कॅन करून ती मूळ नोंदीशी ताडून बघणार होती.

"तू हो पुढे. मी आलोच."

ती ताडून बघणार, याच विचाराने महिनाभर काकांची झोप उडाली होती. खोटं उघडं पडलं तर पडू दे, ते निस्तरता आलं असतं. पण ताईंना ते उद्या कुणा परक्याच्या तोंडून कळणार होतं, आणि ते काकांना सहन होण्यासारखं नव्हतं.

खोलीचा नियम साधा होता. पाच वर्षांत फाइल कुणी मागितली नाही, तर ती टाकाऊ यादीत जायची आणि यंत्रात तिचा भुगा व्हायचा. कुणी मागणीची चिठ्ठी भरून बघायला घेतली, की आणखी पाच वर्षं तिला जीवदान.

ताई पहिल्यांदा तळघरात आल्या त्याला अकरा वर्षं झाली. त्याआधी पाच-सहा वर्षं त्या वरच्या खिडकीवर चौकशी करून परत जायच्या. बाजाराच्या गर्दीत हात सुटून त्यांची सहा वर्षांची लेक हरवली होती. घरातला एकुलता एक फोटो त्यांनी तक्रारीला जोडला होता, आणि शोध चालू असेतोवर तो परत मिळत नसे. काकांनी झेरॉक्स काढून पाहिली, तर पोरीचं तोंड काळं ठिक्कर आलं. मग ताई अर्धा तास फोटोच बघत बसल्या. काकांनी त्यांना नियम समजावून सांगितला. ताईंनी चिठ्ठी भरली आणि "पुढच्या वर्षी येते, भाऊ," म्हणून गेल्या.

ती चिठ्ठी काकांनी शर्टाच्या खिशात ठेवली. जेवून आलो की रजिस्टरला चढवू म्हणाले, आणि विसरले. दुसऱ्या दिवशी ते रजेवर होते. नेमकी तेव्हाच टाकाऊ कागद नेणारी गाडी आली आणि यादीतल्या सगळ्या फायली घेऊन गेली. संध्याकाळी धुतलेल्या शर्टातला कागदाचा लगदा बायकोने हातावर ठेवला, तेव्हा काकांना ब्रह्मांड आठवलं.

वर्षभर त्यांच्या घशाखाली घास धड उतरला नाही. बायको म्हणायची, "सांगून टाका एकदाचं, आपली चूक झाली म्हणून." पण ताई येणार त्याच्या आदल्या दिवशी काकांनी भलतंच केलं. नव्या टाकाऊ यादीतली एक फाइल उचलली. तशीच सहा-सात वर्षांची पोर, तशाच दोन वेण्या. कुणी एकदाही बघायला मागितली नव्हती, मागणीचं पान कोरं होतं. तिचा फोटो त्यांनी ताईंच्या नंबरच्या कोऱ्या फाइलीत डकवला.

दुसऱ्या दिवशी तो फोटो बघून ताई अशा काही रडल्या, की काकांना वाटलं, पचलं.

मग दहा वर्षं तेच. ताई यायच्या, चिठ्ठी भरायच्या, पदराने फोटो पुसायच्या, त्याच्याशी हळू आवाजात काहीबाही बोलायच्या. काका कपाटामागे उभे राहून स्वतःला शिव्या घालायचे. एका आईला आपण परक्या पोरीची माया लावली, हे पाप कुठे फेडू, असं त्यांना व्हायचं.

"बस चुकली, भाऊ." ताई धापा टाकत आत आल्या. आताशा त्यांना जिना झेपत नव्हता.

काकांनी फाइल पुढे केली, पण हातातून सोडली नाही.

"ताई, आज माझा शेवटचा दिवस. जाण्याआधी एक सांगायचंय." त्यांनी फाइल उघडली. "हा फोटो तुमच्या लेकीचा नाही. तिची फाइल गेली. भुगा झाला तिचा. तुमची चिठ्ठी चढवायची राहिली, माझ्या हातून. हा फोटो मी टाकाऊ यादीतून आणून लावला, हिला कधी कुणी बघायला आलं नव्हतं."

ताई ओरडल्या असत्या, फाइल तोंडावर फेकून मारली असती, तर काकांना बरं वाटलं असतं. ताईंनी फक्त चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"पहिल्याच वर्षापासून. आईला लेकीचा चेहरा कळायचा नाही होय, भाऊ? घरी जाऊन किती शाप दिले असतील तुम्हाला! एका दिवसात नाही हो निवळलं ते."

काकांनी फाइल त्यांच्यापुढे टेबलावर ठेवली.

"मग दर वर्षी का येत राहिलात, ताई?"

ताईंनी चिठ्ठ्यांचं पुस्तक जवळ ओढलं आणि सावकाश तारीख घातली.

"त्या नव्या मुलीला नीट सांगून जा," त्या फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या. "हिच्या घरचं माणूस दर वर्षी येतं म्हणावं."